ओलसर

पोरांनी सरांचं नाव 'ओलसर' ठेवलं होतं आणि सरांना ते ठाऊक होतं. ठाऊक होतं एवढंच नाही, आवडलंही होतं. "दोन अर्थ निघतात, अन् दोन्ही बरोबर," ते मला कौतुकानं म्हणाले होते. "पेपरात एवढं डोकं चालवत नाहीत लेकाचे."

हे नाव पडलं ते लाकडातली ओल मोजणाऱ्या त्यांच्या यंत्रावरून. पण यंत्र नंतरचं. सर आधीपासूनच तसे होते.

मी मूळचा अकोल्याचा. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची नोकरी लागली, तेव्हा विभागात मला सरांच्या शेजारचं टेबल मिळालं. ते टेबल बरेच दिवस रिकामं का होतं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी रुमालानं मान पुसत म्हणालो, "आज फार उकडतंय." सरांनी ड्रॉवरमधून थर्मामीटर काढला, माझ्या टेबलावर उभा केला, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "कालच्यापेक्षा कमी आहे. तुम्ही नवीन आहात म्हणून उकडून राहिलं."

विशेषणांशी त्यांचं वैर होतं. चहा गरम आहे म्हटलं की ते विचारत, किती? एखादा मुलगा "सर, तब्येत जरा बरी नाही" म्हणून सुट्टी मागायला आला की "जरा म्हणजे?" यावर अडवून धरत. कॅन्टीनवाला "ताजे आहेत समोसे" म्हणाला की सर घड्याळाकडे बघत. विशेषण म्हणजे आळशी माणसाचं माप, असं ते वर्गात सांगायचे आणि फळ्यावर लिहूनही ठेवायचे. घरी मात्र त्यांचं फारसं चालत नसे. मीठ चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम, असं त्यांनी एकदा बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, "तोंड मिटा लागते तेवढं." तो प्रयोग तिथंच संपला.

दिसायला सर उंच आणि काटकुळे. चालताना डोकं शरीराच्या थोडं पुढे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पण टेस्टर, छोटा पेचकस आणि चिमटा ही मंडळी कायम. परीक्षेच्या हॉलमध्ये ते पोरांकडून पेन मागून सही करत. असा माणूस आपल्या अंदाजावर कधी विसंबेल असं कोणाला वाटलं नसतं. पण एकदाच विसंबले, आणि तेही कुठे, तर सासूबाईंच्या सरणापाशी.

त्यांची सासुरवाडी मोर्शीची. संत्र्याचा बगिचा असलेलं शेतकऱ्याचं घर. सासूबाई गेल्या त्या ऐन श्रावणात. बातमी आली तेव्हा आम्ही विभागातले दोघं-तिघं सरांबरोबर निघालो. घरी रडारड, माणसांची ये-जा, वरून पावसाची भुरभुर. सरांचे मेहुणे, म्हणजे वहिनींचे धाकटे भाऊ, पार खचून बसलेले. कोणीतरी म्हणालं, टालावर जाऊन लाकडं पाहावी लागतील. टाल म्हणजे लाकडाची वखार. सर लगेच उठले. "ते मी पाहतो," म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. एवढा शिकलेला जावई आहे, लाकडं काय, काहीही पाहील.

मी त्यांच्याबरोबर टालावर गेलो होतो. सरांनी प्रत्येक ओंडक्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला, मान हलवली. "आवाज टणक आहे. कोरडं." टालवाला म्हणाला, "भाऊ, पानी लई झालं यंदा, आतून सांगता येत नाई." सर म्हणाले, "आवाज खोटं बोलत नाही." पुढच्या काळात हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची कोणाची हिंमत झाली नाही.

सरण रचलं. मेहुण्यांनी अग्नी दिला. धूर निघाला. पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा धूर. आता पेटेल, मग पेटेल म्हणत माणसं उभी राहिली. कोणी साखर टाकली, कोणी डालडा आणला, एकजण मोटरसायकलवर जाऊन डिझेल घेऊन आला. डिझेल भडकायचं, विझायचं, आणि ओंडके आपले फेस सोडत सुं सुं करत पडलेले. वरची साल सुकलेली, आत पाणी. दुपार कलली. उभं राहून राहून कंटाळलेली माणसं हळूहळू कुजबुजायला लागली. एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळत मोठ्यानं म्हटलं, "बुढी जिद्दीच होती, बाप्पा! जवायाले सोडून नाई राहिली." चारजण हसले. सर हातात बांबू घेऊन सरण ढोसत उभे होते. चेहरा काळा, डोळे लाल. ते धुरानं की कशानं, ते मोजायला कोणतं यंत्र नव्हतं.

बाया घरी होत्या. पण नदीकडचा तो पांढरा धूर घराच्या गच्चीवरून दिसत होता. वहिनी संध्याकाळपर्यंत गच्चीवर उभ्या होत्या, असं नंतर कळलं. आणि तंबाखूवाल्या म्हाताऱ्याचं वाक्यही आमच्याआधी घरी पोचलं होतं.

त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, अमरावतीला परतल्यावरही नाही. बाकी सगळं बोलणं व्यवस्थित. भाजी कोणती आणू, लाइटचं बिल भरलं का, पोरीची फी. फक्त आईचा विषय निघाला की वहिनी उठून आत जात. सर मला एकदा टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "एकदा शिव्या दिल्या असत्या तर मोकळा झालो असतो. ही तर काहीच बोलत नाही. आता सांगा, न बोलण्याचं उत्तर काय द्यावं माणसानं?"

उत्तर म्हणून त्यांनी यंत्र बनवायला घेतलं.

तत्त्व सोपं होतं. कोरड्या लाकडातून वीज जवळजवळ जात नाही, ओल्यातून थोडी जाते. दोन टोकं लाकडात खुपसायची आणि मधून किती वीज जाते ते पाहायचं. अशी यंत्रं बाजारात मिळतात, मी त्यांना फोनवर दाखवलीही. सरांनी नाक मुरडलं. "ही सुताराची आहेत. यांच्या सुया पोरीच्या टाचणीएवढ्या. ओंडक्याच्या पोटातलं कळलं पाहिजे." मग त्यांनी धान्यबाजारातून पोती शिवायची दाभणं आणली. चांगली जाड, लांब. त्यांना वायर जोडली. हातोडीनं ओंडक्यात ठोकली की ती पार आत जात.

डबा कशाचा करावा यावर विभागात बरीच चर्चा झाली. पहिला स्टीलच्या टिफिनचा केला. त्यात सगळं एकमेकांना चिकटून धूर निघाला आणि सरांचं त्या दिवशीचं जेवण माझ्या डब्यात झालं. शेवटी प्लॅस्टिकची सोपकेस पसंत पडली. तिला आकडे दाखवणारी छोटी काच बसवली. ओल जास्त असेल तर आवाज यायला हवा, म्हणून भोंगा शोधला, तर सामानात होती ती फक्त घराच्या एका जुन्या बेलची चकती. बटण दाबलं की चिमणी चिवचिवते ना, ती बेल. सर म्हणाले, "सध्या हीच लावू. नंतर बदलू." ती कधीच बदलली नाही.

मग आलं मोजमाप जुळवणं. हे काम घरी. वीज किती जाते ते कळलं तरी त्याचा अर्थ किती ओल, हे ठरवायला लाकडाचे तुकडे तोलायचे, भट्टीत वाळवायचे, पुन्हा तोलायचे, वजन उतरायचं थांबेपर्यंत. बाभूळ, कडुनिंब, आंबा, संत्रा, प्रत्येकाचा हिशोब निराळा. कॉलेजची भट्टी बिघडलेली. घरी वहिनींचा केक करायचा ओव्हन होता. सरांनी घाबरत घाबरत मागितला. वहिनींनी एक शब्द न बोलता त्यातले ट्रे काढून घेतले आणि ओव्हन त्यांच्या पुढ्यात ठेवला. सर मला म्हणाले, "नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं." पुढे दिवाळीला त्यांच्याकडे नानकटाई खाल्ली, तिला कडुनिंबाची चव होती. वहिनी समोर उभ्या होत्या. मी दोन खाल्ल्या.

यंत्र तयार झालं आणि भर पावसात, बॅगेत असतानाच चिवचिवायला लागलं. स्कूटरवर मागे बसलेल्या मला वाटलं, बॅगेत खरंच पाखरू शिरलं. लाकूड नाही, काही नाही, तरी आकडा वर चढत होता. सर दोन दिवस त्याच्यापुढे गालावर हात ठेवून बसले. मग त्यांना उमगलं की हवेतल्या दमटपणानं यंत्राच्या आतली सर्किटची पट्टीच ओलावली होती. यंत्र स्वतःचीच ओल मोजत होतं. त्यावर उपाय म्हणजे पट्टीला लेप द्यायचा. कशाचा, तर नेलपॉलिशचा. तेही वहिनींकडून आलं, तेही न बोलता. पुढचा आठवडाभर सर गुलाबी नखांनी ओहमचा नियम शिकवत होते. मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, छान दिसून राहिलं" म्हणालं. सरांनी विचारलं, "किती छान?"

आणि मग सर यंत्र घेऊन मोक्षधामांत जायला लागले.

सुरुवातीला फक्त ओळखीपाळखीच्या मयतीला. सगळे तिरडीपाशी असताना सर सरळ लाकडांच्या ढिगाकडे. हातोडीचे दोन ठोके, काचेत ओलीच्या टक्क्यांचा आकडा. विसाच्या खाली असलं की मान डोलावून बाजूला. वर असलं की तो ओंडका बदलून द्या म्हणून टालवाल्याशी वाद. तिसाच्या पुढे यंत्राला आकडा नीट सांगता येत नसे, तेव्हा नुसती चिमणी ओरडे. टालवाले त्यांना पाहिलं की शटर ओढून घेत. त्यांच्या बाजूनंही बरोबर होतं, पावसाळ्यात कोरडं लाकूड ते तरी कुठून आणणार? पण सर ऐकून घेत नसत. त्यांच्या डोळ्यांपुढे मोर्शीचा पांढरा धूर होता.

एकदा अकोल्याला मोठी मयत झाली. एका शिक्षणसंस्थेचे म्हातारे अध्यक्ष वारले होते. सर त्यांच्या हाताखाली शिकले होते, त्यामुळे जाणं भाग होतं. मी अकोल्याचा म्हणून मलाही बरोबर घेतलं. गर्दी दांडगी. सरण रचून तयार, आणि अग्नी देण्याआधी श्रद्धांजलीची भाषणं सुरू. माइकवर एक पुढारी सांगत होते की आज अकोल्याचा आधारवड कोसळला. मी बाजूला पाहिलं तर सर नाहीत. पुन्हा समोर पाहिलं तर सर सरणाच्या मागच्या अंगाला वाकलेले. मी गर्दीतून वाट काढत पुढे सरकायला लागलो.

पुढाऱ्यांनी म्हटलं, "आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू." सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत चिमणी बोलली. चिव चिव, चिव चिव.

लोकांनी माना वर केल्या. झाडं पाहिली, पत्र्याचं छत पाहिलं. एका आजोबांनी हात जोडले. "पाखरू बोललं! आत्मा मोकळा झाला!" बायकांच्या बाजूला हुंदका फुटला. पुढारी डोळे पुसायला लागले. अध्यक्षांच्या मुलानं सरणाला वाकून नमस्कार केला. आता इथे गप्प राहिलं असतं तर सगळं किती सुंदर झालं असतं! पण सर सरणामागून उभे राहिले, हातात सोपकेस, आणि वर्गात सांगतात तसं स्वच्छ सांगितलं, "पाखरू नाही. लाकूड ओलं आहे."

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. कोणीतरी सरांची कॉलर धरली. कोणी म्हणालं, "अबे, हा कोन आहे रे?" मी पुढे होऊन आम्ही कोण, कुठले, ते सांगितलं, त्यानं काही फरक पडला नाही. पण अध्यक्षांचा मुलगा शांत माणूस होता. त्यानं सरांना विचारलं, "सर, नाही पेटणार का?" सर म्हणाले, "पेटेल. पण धुपत राहील. मी एकदा पाहिलं आहे." ते हे अशा काही सुरात म्हणाले की कॉलर धरणारा हातही सुटला. मधले ओंडके काढले. कोणाच्या तरी गोदामातून जुन्या सागवानी फळ्या आल्या. तोपर्यंत आणखी पाच भाषणं झाली. अग्नी दिल्याबरोबर ज्वाला छतापर्यंत गेली. ते आजोबा निघताना सरांजवळ आले आणि म्हणाले, "तुमी काईही म्हना, मले तं पाखरूच वाटलं."

त्या दिवसापासून सरांचं नाव दोन्ही गावांत झालं. झालं म्हणजे, लोक त्यांना घाबरायला लागले. सर बॅग घेऊन रस्त्यानं निघाले की शेजारचे विचारत, "कोन गेलं?" एकदा ते दवाखान्यात एका आजारी शिपायाला भेटायला गेले. बॅग सवयीनं खांद्यावर. शिपायाच्या बायकोनं त्यांना दारात पाहिलं आणि हंबरडा फोडला. शिपाई उठून बसला. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत तो पहिल्यांदाच उठून बसला.

सरांना घाबरला नाही असा एकच माणूस, म्हणजे त्यांचे सासरे, मोर्शीचे आबाजी. ऐंशीच्या पुढचे, पाठीत वाकलेले, पण रोज बगिच्यात चक्कर मारणारे. एका दिवाळीनंतर त्यांचा सरांना निरोप आला, "मशीन घेऊन या." सर आणि वहिनी निघाले, गाडीत जागा होती म्हणून मीही गेलो.

आबाजींनी बगिच्यातली काही म्हातारी संत्र्याची झाडं तोडायला लावली होती. डिंक्या रोगानं वाळायला आलेली. ती झाडं सासूबाईंनी नवी नवरी असताना लावलेली होती, हे वहिनींनी मला हळूच सांगितलं. लाकडं फोडून, गोठ्यात उंचावर, हवा खेळेल अशी रचलेली.

"हे माह्यासाठी हाये," आबाजी म्हणाले. "बुढीचं झालं ते झालं. माह्या टायमाले मले धूर नाई पाह्यजे. पाहा बरं, जवाईबापू, किती ओली हायेत ते."

सर वहिनींकडे बघेनात. त्यांनी दाभण ठोकलं. चिमणी ओरडली. आबाजी बोळक्या तोंडानं हसले. "लाकूड रडून राहिलं बाप्पा आतून!" मग त्यांनी आपला तळहात पुढे केला. "मले लावून पाहा."

"आबाजी, हे लाकडाचं आहे."

"लावा ना! पाहू द्या तं!"

सरांनी दाभणांची टोकं हलकेच त्यांच्या तळव्याला टेकवली. चिमणी जोरात चिवचिवली. आबाजींनी हात वर करून अंगणातल्या सगळ्यांना दाखवला. "पाहा! अजून ओला हाये मी! जाळाच्या कामाचा नाई!" सगळे हसले. सरही हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या लाकडांवरून हात फिरवत उभ्या होत्या.

त्यानंतर सर दर दोन-चार महिन्यांनी मोर्शीला जाऊन आकडा पाहून येत. दोन उन्हाळे गेले. लाकडं वाळली, आकडा खाली आला, दाभण ठोकलं तरी चिमणी गप्प. आबाजी मात्र ठणठणीत. गोठ्यात म्हशीच्या शेजारी त्यांचं सरण तयार होतं, आणि ते रोज सकाळी त्याच्यावर धोतर वाळत घालत.

आणि मग वहिनींच्या भाचीचं, म्हणजे त्या धाकट्या भावाच्या मुलीचं, लग्न ठरलं. आबाजींची नात. मोर्शीतच, घरासमोर मांडव. मला आणि माझ्या बायकोला आग्रहाचं बोलावणं होतं. लग्न एप्रिलमध्ये, आणि आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. असा की मांडवाचं कापड फाटलं, अंगणात गुडघाभर पाणी. सकाळी ऊन पडलं, मांडव पुन्हा उभा राहिला, पण स्वयंपाकाची लाकडं उघड्यावर पडली होती, ती रात्रभर भिजली. परतवाड्याहून आणलेला आचारी डोक्याला हात लावून बसला. गॅसच्या शेगड्यांवर बुंदी होईल, म्हणाला, पण वरणाचे हंडे आणि भाजीच्या कढया चुलाणांशिवाय होणार नाहीत. त्यानं रॉकेल टाकून पाहिलं. चुलाणांमधून पांढरा धूर निघाला आणि मांडवभर पसरला.

वऱ्हाड चांदूर रेल्वेहून निघालं, असा फोन आला होता. मुलीचे वडील इकडून तिकडे पळत होते. गावात दोन ठिकाणी माणसं पाठवली, सगळीकडची लाकडं ओली. वहिनी खोकत स्वयंपाकाच्या जागेपाशी आल्या आणि तो धूर पाहून तिथेच थांबल्या. मी पाहिलं, सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा अगदी त्या दिवशीसारखा झाला होता.

आबाजी काठी टेकत आले. आचाऱ्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. "गोठ्यातली घ्या," म्हणाले.

मुलीचे वडील म्हणाले, "बाबा, ते तं..."

"ते तं काय? माह्यंच हाये ना? मी कुटी चाललो आज? पोरीच्या लग्नाची पंगत उपाशी उठवाची हाये का तुले?"

तरी माणसं घुटमळत होती. सरणासाठी ठेवलेलं लाकूड लग्नाच्या चुलीत घालायचं म्हणजे काहीतरीच. एक बाई पुटपुटली, अशुभ असते. तेव्हा वहिनी वळल्या आणि सरांना म्हणाल्या, "मशीन आनलं का?"

सरांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग ते धावत गाडीकडे गेले. मागोमाग आम्ही सगळे गोठ्यात. सरांनी दाभण ठोकलं, सोपकेस वहिनींपुढे धरली. काचेतला आकडा वहिनींनी वाचला. "बारा."

"कोरडं आहे," सर म्हणाले.

"मले दिसते," वहिनी म्हणाल्या, आणि पहिली फोड त्यांनीच उचलली.

संत्र्याचं लाकूड पेटलं ते काय सांगू! धूर नाही, ठिणगी नाही, स्वच्छ पिवळा जाळ आणि थोडा गोडसर वास. आचारी ओरडला, "वा रे पठ्ठे!" आणि हंडे चढवले. माणसं पांगली, पुन्हा गडबड सुरू झाली. वहिनी चुलाणापुढून हलल्या नाहीत. जाळाकडे बघता बघता त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग सरांकडे फिरल्या.

"टक टक वाजवून पाहून राहिले होते म्हने! नारळ घेऊन राहिले होते का बजारात?"

सर काही बोलायला गेले.

"चूप राहा. तो टालवाला सांगून राहिला होता ना तुमाले, आतून ओलं असन म्हनून? आयकलं का? माझी माय दिवसभर धुपत राहिली. मी गच्चीवरून पाहून राहिली होती. अन् तुमी घरी येऊन काय केलं? मशीन! ओव्हन दे, नेलपॉलिश दे! एक शब्द बोलाचा होता माझ्याशी. चुकलं म्हनाचं होतं. एकदा!"

आचाऱ्याची माणसं झारे हातात घेऊन ऐकत होती. माझ्या बायकोनं मला बाहीला धरून मागे ओढलं. सर तिथेच उभे, हातात सोपकेस, गुलाबी लेपाचा एक ओघळ तिच्या कडेला वाळलेला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "लई चुकलं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. या वेळी धूर नव्हता.

वहिनी आणखी बराच वेळ बोलल्या. मागची सगळी वर्षं त्यांनी साठवून ठेवली होती, त्यात नानकटाईही आली. सर मान खाली घालून ऐकत होते. पुन्हा कधी त्यांना मी इतकं सुखी पाहिलं नाही.

वऱ्हाड आलं, लग्न लागलं, पंगती उठल्या. भाजीला कोणीच नाव ठेवलं नाही. आबाजी खुर्चीवर बसून बुंदी खात होते. दात नसल्यामुळे एकेक दाणा जिभेवर विरघळू देत. त्यांनी सरांना जवळ बोलावलं.

"जवाईबापू, माह्यं तं सगळं जळून गेलं. आता नवीन तोडा लागते."

"तोडू ना," सर म्हणाले. "पण वाळायला पुन्हा दोन उन्हाळे लागतील, आबाजी."

"मंग थांबा लागते मले." त्यांनी बुंदीची वाटी रिकामी केली. "काही इलाज नाई."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन झाडं पाडली. सर दाभणं घेऊन गेले, वहिनीही गेल्या, आणि आल्यावर दोघांनी मला वेगवेगळं येऊन एकच गोष्ट सांगितली. झाडं पाडून जी जागा मोकळी झाली होती, तिथे आबाजी स्वतः उभं राहून खड्डे खणून घेत होते. संत्र्याची नवी कलमं लावायची होती. कलमांना फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात, असं सरांनी त्यांना अदबीनं सांगितलं. आबाजींनी काठीनं पुढच्या खड्ड्याची जागा दाखवली आणि म्हणाले, "मले म्हाईत हाये."